ताम्हण विरुद्ध तेरडा

ताम्हण एकवीस विरुद्ध चार मतांनी जिंकलं.

हे वाक्य कृपया विसरून जावं. असं मतदान आमच्या सोसायटीत कधी झालंच नाही. इतिवृत्ताच्या वहीत त्या तारखेला ‘पाण्याच्या मोटरच्या आवाजाबाबत सविस्तर चर्चा झाली’ असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे आणि खाली पंचवीस सभासदांच्या सह्या आहेत. मोटर त्या दिवशी बंद होती.

तर, जे झालं नाही ते असं झालं. मे महिन्याचा शेवटचा रविवार, रोह्यातली आमची ‘सुयोग’ सोसायटी, संध्याकाळची वेळ. सगळे पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले होते. मी चोवीस वर्षांचा होतो, नोकरी शोधत होतो आणि सोसायटीचा सेक्रेटरी होतो. मी निवडून वगैरे आलो नव्हतो. आदल्या वर्षीच्या सभेत मी पाणी प्यायला उठलो आणि अध्यक्ष कर्णिकसाहेब म्हणाले, “उठला बघा एक जण.”

“ठोसर, अहवाल वाचा,” कर्णिकसाहेब म्हणाले.

विषय होता मागच्या अंगणातला बारा बाय दहा फुटांचा मातीचा तुकडा. जुनी टाकी पाडल्यावर तो मोकळा झाला होता. आमच्याकडे एवढी माती एका जागी पहिल्यांदाच दिसत होती. लोक चहा घेऊन गॅलरीतून तिच्याकडे बघत उभे राहायचे. तिथे काय लावायचं यावर दोन अर्ज आले होते.

पहिला तिसऱ्या मजल्यावरच्या ढेबेकाकांचा. गणपत ढेबे, निवृत्त वनरक्षक, वय अडुसष्ट. त्यांनी गच्चीवर लोखंडी ड्रममध्ये चार वर्षं ताम्हणाचं रोप वाढवलं होतं. ते आता नऊ फुटांचं होतं. ड्रमचा तळ गंजला होता आणि मुळं बाहेर डोकावत होती. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम निघालं होतं, त्यामुळे सात जूनच्या आत ड्रम खाली उतरवणं भाग होतं. ‘या पावसाळ्यात जमीन मिळाली नाही तर झाड जगणार नाही,’ असं अर्जात होतं. अर्ज दोन ओळींचा होता. दुसरी ओळ सही.

दुसरा अर्ज तळमजल्यावरच्या म्हात्रेकाकूंचा. कुंदा म्हात्रे, बालवाडीच्या निवृत्त बाई. त्यांना तिथे तेरडा हवा होता. आमच्याकडे गौर म्हणजे तेरडाच. तो मुळासकट उपटायचा, सुपात घालून घरी आणायचा. मुळं म्हणजे गौरीची पावलं. इमारतीमागच्या ओढ्याच्या काठाला तो आपोआप उगवायचा, पण काठाला सिमेंटची भिंत झाली आणि तेरडा संपला. काकूंनी लिहिलं होतं, ‘दोन वर्षं सतरा घरांत बाजारातली गौर येते. ती विळ्याने कापलेली असते. पाय नसलेली गौर घरात आली कशी, हे कोणी विचारत नाही. मी विचारते.’ काकू स्वतः सभेला नव्हत्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे पनवेलला गेल्या होत्या.

कर्णिकसाहेबांनी मला दोन्ही वनस्पतींचा तुलनात्मक अहवाल तयार करायला सांगितला होता. मी उभा राहिलो.

“उंची,” मी वाचायला लागलो. “ताम्हण चाळीस फूट. तेरडा गुडघ्याएवढा. गुडघा अध्यक्षांचा धरला आहे. सावली. ताम्हणाखाली आठ खुर्च्या. तेरड्याखाली मुंग्या, त्याही उभ्याने. आयुष्य. ताम्हण आपल्यापेक्षा जास्त. तेरडा चार महिने, पण तो दर वर्षी न बोलावता परत येतो, त्यामुळे त्याला नातेवाइकांत धरावं. दर्जा. ताम्हण हे राज्याचं फूल आहे. तेरड्याला राज्याने अजून काही दिलेलं नाही.”

“निष्कर्ष?”

“दोन्ही चांगली आहेत. दोन्ही लावावीत.”

“एका जागेला एक ठराव,” कर्णिकसाहेब म्हणाले. ते विमा कंपनीतून निवृत्त झाले होते आणि एका माणसाला दोनदा मरू द्यायचे नाहीत. “हात वर करा.”

एकवीस हात ताम्हणासाठी वर गेले. त्यांतले निम्मे तरी आठ खुर्च्यांसाठी होते. ढेबेकाकांनी आपली खुर्ची घडी करायचा प्रयत्न केला, ती घडीची नव्हती, मग ते तसेच वर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला ते कुदळ आणि पहार घेऊन हजर. मी टेप घेऊन. आणि मातीच्या कडेला खुर्ची टाकून, काळा चष्मा लावून, म्हात्रेकाकू. रात्रीच पनवेलहून आल्या होत्या. त्यांच्यासमोर सगळ्या जागेवर ओलं गोणपाट अंथरलेलं होतं. ते आठ दिवस तिथेच होतं. टाकीवाल्यांनी टाकलं असेल असं आम्ही धरून चाललो होतो.

“ढेबेभाऊ, जरा बेतानं,” काकू म्हणाल्या. “पोरं झोपलीत.”

त्यांनी गोणपाटाचं टोक उचललं. खाली दोन-दोन पानांचे हिरवे कोंब, दाटीवाटीने, बालवाडीच्या प्रार्थनेला उभे असल्यासारखे. पनवेलला जायच्या आधी काकूंनी बी टाकलं होतं आणि सुनेने रोज पाणी मारलं होतं.

“काकू, हे नियमात बसत नाही,” मी म्हणालो. “काल मतदान झालं.”

“मला काल एका डोळ्यानं दिसत नव्हतं. एका डोळ्याच्या माणसामागं मतदान घेतलंत, ते बसतं का?”

“एकवीस विरुद्ध चार आहे.”

“आकडा चांगला आहे. पाठ करून ठेव.”

मी काकांकडे वळलो. कुदळ त्यांनी भिंतीला टेकवली होती आणि ते उकिडवे बसून बोटाने काहीतरी करत होते.

“काका?”

“थांब. मोजतोय.”

अर्धा तास गेला. काकूंनी मला चहा आणायला पाठवलं, मी आणला, तरी मोजणी चालूच होती. शेवटी ते गुडघ्यावर हात टेकून उठले.

“चारशे सात,” ते म्हणाले. “गोणपाट काढा आता, ताई. कोंब पिवळे पडतील. आणि विकू, कालचं मतदान झालं नाही असं लिही.”

“काका, झालंय ते.”

“वहीत झालंय?”

“वहीत अजून नाही. पान कोरं आहे.”

“मग झालं नाही.”

म्हात्रेकाकूंनी चष्मा काढला. दुखऱ्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती आणि चांगल्या डोळ्यात संशय.

“ढेबेभाऊ, उपकार नकोत मला.”

“उपकार नाहीत. गौरी कधी आहेत?”

“सप्टेंबरात. दहा तारखेला.”

“त्या दिवशी तुम्ही हे उपटणार. त्याच दुपारी मी खड्डा घेणार. तोवर झाड सांभाळतो.”

“आणि त्याआधी इथं कुदळ दिसली तर?”

“माझ्या डोक्यात घाला.”

“एका डोळ्यानं नेम चुकेल,” काकू म्हणाल्या. “दुसरा बरा होईपर्यंत थांबावं लागेल.”

करार झाला. मी वहीत मोटरचा आवाज लिहिला आणि घरोघरी सह्या घेऊन आलो. सह्या करताना कोणीही वाचलं नाही. कर्णिकसाहेबांनी तर फोनवर बोलताबोलता सही केली.

आता ड्रम. गच्ची रिकामी करायची होती आणि जमीन दहा सप्टेंबरशिवाय नव्हती. चार जणांनी तो ड्रम जिन्याने खाली आणला. शेंडा भिंतींना घासून पांढरा झाला. ठेवायला एकच जागा होती, सोसायटीचं ऑफिस. तिथे छत आठ फुटांवर होतं, झाड नऊ फुटांचं, वर ड्रमची उंची वेगळी. ते छताला लागून मान वाकवून उभं राहिलं, तक्रार घेऊन आलेल्या सभासदासारखं. माझं टेबल त्याच्याखाली.

काका रोज सकाळी सातला येत. आम्ही ड्रम गोणपाटावर ठेवून दारापर्यंत ओढायचो, दोन तास ऊन-पाऊस जे असेल ते द्यायचो, मग परत आत. तेवढ्या वेळात काका पानं मोजत.

कर्णिकसाहेबांनी तिसऱ्या दिवशी ‘कार्यालयात झाड ठेवण्यास मनाई आहे’ अशी सूचना लिहून दिली. मी ती फलकावर लावली. फलक झाडामागे होता.

म्हात्रेकाकू सुरुवातीला दाराशी येऊन नुसतं बघून जायच्या. जूनच्या मध्याला त्या एका पातेल्यात मासळी धुतलेलं पाणी घेऊन आल्या.

“झाडाला घाला. जोर धरेल.”

“काकू, मी इथे बसतो.”

“तुलाही जोर धरेल.”

श्रावण लागल्यावर मासळीचं पाणी बंद झालं आणि तांदूळ धुतलेलं सुरू झालं. त्या एका महिन्यात झाडाने माझ्या वडिलांपेक्षा कडक श्रावण पाळला.

पण ते उतरत होतं. आत आणलं तेव्हा शंभराच्या वर पानं होती. नागपंचमीला त्रेसष्ट. पंधरा ऑगस्टला एकतीस. मागे तेरडा गुडघ्याला लागला होता, गुलाबी आणि जांभळ्या फुलांनी भरून गेला होता, आणि पुढे ऑफिसात माझ्या कागदांवर रोज एखादं पान पडत होतं. मी ते उचलून फायलीत घालायचो. दुसरं काय करायचं सुचत नव्हतं.

एकोणीस पानं उरली त्या दिवशी मला राहवलं नाही.

“काका, चारशे कोंबच होते ते. काकूंना समजावलं असतं. अजूनही समजावू. मधला चार फुटांचा तुकडा मोकळा केला तरी तेरडा उरतो. हे जाईल नाहीतर.”

“जाईल कदाचित.”

“मग?”

त्यांनी ड्रममधल्या मातीत बोट खुपसून ओल पाहिली. मग ते त्याच सुरात, पावसाबद्दल बोलावं तसं, बोलले.

“पंच्याऐंशी साली मला बाराशे रोपं लावायला दिली होती. ताम्हण. फेब्रुवारीत. कातळावर. पाणी तीन मैल खाली. मी दोन-दोन घागरी करून वाहिलं, पण बाराशेला घागर पुरते? मे महिन्यात साहेब तपासणीला आले. जीपमधून उतरले नाहीत. म्हणाले, जिवंत किती, सांग. मी सांगितलं, शून्य. म्हणाले, असं लिहीत नाहीत. सत्तर टक्के लिही. सगळे लिहितात. मी म्हटलं, एक जरी असतं तरी एक लिहिलं असतं, साहेब.”

“मग?”

“मग मी शून्य लिहिलं. आणि त्यांनी माझ्या सेवापुस्तकात लिहिलं.” काकांनी बोट पंचाला पुसलं. “‘रोपे जगविण्याची क्षमता नाही.’ एकतीस वर्षं नोकरी केली, वनरक्षक म्हणून लागलो, वनरक्षक म्हणून उतरलो. निवृत्त झालो त्या दिवशी त्या कातळाखालच्या ओढ्यातून बी आणलं. पहिल्या दोन खेपा वाया गेल्या. ही तिसरी.”

मी पानं पाहिली. एकोणीस.

“म्हणजे हे एक तरी जगायलाच हवं ना, काका. मग ते कोंब कशाला वाचवलेत?”

“ती जिवंत होती,” काका म्हणाले. “चारशे सात. मी मोजली होती.”

ही गोष्ट कोणाला सांगायची नाही असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं. म्हणून मी ती फक्त म्हात्रेकाकूंना सांगितली. काकू वाटाणे सोलत होत्या. वाटाणे संपल्यावरही हात तसेच चालू राहिले.

दहा सप्टेंबरला दुपारी तीन वाजता सतरा घरच्या बायका नव्या साड्या नेसून, सुपं घेऊन मागच्या अंगणात आल्या. तेरड्याला हळदकुंकू लावलं आणि मान सगळ्यांत मोठ्या बाईचा म्हणून पहिली मूठ म्हात्रेकाकूंनी धरली. तेरडा मुळासकट वर आला, पांढरी बारीक मुळं, त्यांना माती लगडलेली. मग सगळ्याच वाकल्या. बोंडं फुटत होती आणि बिया टपटप साड्यांवर उडत होत्या. बघताबघता मधली जागा मोकळी झाली. कडेची एक रांग काकूंनी कोणाला उपटू दिली नाही.

भिंतीशी ढेबेकाका उभे होते, कुदळ घेऊन. झाडावर सात पानं होती.

आणि तेव्हाच कर्णिकसाहेब आले. हातात इतिवृत्ताची वही.

“ढेबे, कुदळ ठेवा. कुठल्या ठरावाने खणताय?”

“मेमध्ये झाला होता साहेब,” मी म्हणालो.

“मेमध्ये मोटरच्या आवाजावर चर्चा झाली. हे बघा, तुमचंच अक्षर. माझी सही.” त्यांनी पान माझ्या नाकासमोर धरलं. “ठराव नाही तर खड्डा नाही. पुढच्या सभेत विषय घ्या.”

“पुढची सभा जानेवारीत आहे.”

“मग जानेवारीत.”

मी आयुष्यात बराच मूर्खपणा केला आहे, पण सह्यांसकट एवढाच. काकांनी कुदळीच्या दांड्यावरची मूठ जरा खाली घेतली, एवढंच.

आता इथे आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. गौर घेऊन निघालेली बाई तोंडात पाण्याची चूळ धरते. घराच्या उंबऱ्यापर्यंत बोलायचं नाही, मागे वळायचं नाही, गौर खाली ठेवायची नाही. आणि मोठीने पाऊल उचलल्याशिवाय बाकीच्यांनी निघायचं नाही.

म्हात्रेकाकूंनी कर्णिकसाहेबांकडे पाहिलं. मग तांब्या उचलला, चूळ भरली, आणि तांब्या शेजारच्या बाईकडे दिला. तो सतरा जणींत फिरला. सतरा सुपं छातीशी, सतरा तोंडं गच्च.

आणि काकू हलल्या नाहीत.

एक मिनिट गेलं. दोन गेली. इमारतीतून घंटा वाजवायला उभे असलेले नवरे गॅलऱ्यांत यायला लागले.

“चला, म्हात्रेबाई,” कर्णिकसाहेब म्हणाले. “मुहूर्त चाललाय.”

काकूंनी फक्त एकदा खाली पाहिलं, मोकळ्या मातीकडे. परत वर.

“हे काय चाललंय? ठोसर, यांना सांगा.”

“त्या बोलू शकत नाहीत, साहेब.”

“पण ऐकू तर येतं ना?”

“येत असावं.”

साहेब रांगेत शिरले. चौथ्या क्रमांकावर त्यांच्याच सौभाग्यवती होत्या. “अगं, तू तरी चल. घरी नैवेद्य झाकून ठेवलाय. आई दारात पाय धुवायला पाणी घेऊन उभी आहे.”

कर्णिककाकूंचे गाल फुगलेले होते. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग अतिशय सावकाश मान दुसरीकडे वळवली. संसारात बोलायची सोय असताना त्यांना जे जमलं नव्हतं ते बहुधा त्या मिनिटात जमलं.

वरून कर्णिकसाहेबांच्या आईचा आवाज आला. “अरे सुरेंद्र, गौर अडवून ठेवलीस का काय?”

“मी कुठे अडवलीय, आई? त्या—”

“मग तू बाजूला हो.”

साहेबांनी वहीकडे पाहिलं. वहीत गौरीबद्दल काही नव्हतं. आभाळ भरून आलं होतं. चौदाव्या क्रमांकावरच्या बाईला हसू यायला लागलं होतं आणि चूळ टिकेल असं वाटत नव्हतं.

“खणा,” साहेब म्हणाले. “पण मी हे पाहिलेलं नाही.” आणि ते खरंच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

कुदळ पहिल्यांदा मातीत बसली तेव्हा म्हात्रेकाकूंनी पाऊल उचललं. सोळा जणी मागोमाग. घंटा वाजायला लागल्या. आम्ही दोघे वेड्यासारखे खणत होतो. ड्रम करवतीने कापावा लागला. आत मुळांनी मुळांनाच वेटोळं घातलं होतं, माती जवळजवळ उरलीच नव्हती. काकांनी गुडघ्यावर बसून एकेक मूळ बोटांनी सोडवलं आणि खड्ड्यात पसरलं. पायांना पाणी लावतात तसं त्यांवर पाणी घातलं. माती लोटून झाली तेव्हा झाडावर पाच पानं होती आणि ते पहिल्यांदा सरळ उभं होतं.

दिवाळीला एकही पान नव्हतं. कर्णिकसाहेब येऊन म्हणाले, “मेलं ते. नोंद करा.” काकांनी नखाने खोडाची साल इवलीशी खरवडली. खाली हिरवं होतं. “नोंद राहू दे,” काका म्हणाले. पुढच्या जूनमध्ये झाडाभोवती कोणी न पेरता तेरडा उगवला आणि त्याच आठवड्यात ताम्हणाला पालवी आली. काकांनी आधी तेरडा मोजला, मग पानं.

चौथ्या वैशाखात एका फांदीच्या टोकाला जांभळ्या फुलांचा एकच तुरा आला. मला तेव्हा पुण्यात नोकरी लागली होती. काकांनी फोन करून बोलावून घेतलं. बहात्तर वर्षांचा माणूस झाडाखाली खुर्ची टाकून बसला होता. शेजारच्या खुर्चीवर म्हात्रेकाकू.

“रंग फिका आहे,” काकू म्हणाल्या.

“पहिल्या वर्षी असतोच,” काका म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, “तुझं अक्षर चांगलं आहे. एक अर्ज लिही.”

त्यानंतर दर वैशाखात मी तो लिहितो. यंदाचा आठवा. उत्तर कधी आलेलं नाही, आणि काकांनीही कधी विचारलं नाही. ते फक्त सही करतात.

प्रति,
मा. सक्षम अधिकारी (सदर टेबलावर जे असतील ते).

विषय: सेवापुस्तकातील शेऱ्याच्या दुरुस्तीबाबत.

महोदय, अर्जदार श्री. गणपत बाबू ढेबे, निवृत्त वनरक्षक, यांच्या सन १९८५च्या लागवडीत ‘जिवंत रोपे: शून्य’ अशी नोंद आहे. ती नोंद खरी असून तिच्याविषयी अर्जदाराची तक्रार नाही. तथापि तपासणी मे महिन्यातच आटोपण्यात आली, ती घाईची होती. त्याच डोंगराच्या बियाण्याचे एक रोप आज बावीस फूट उंच असून फुलावर आहे. सबब विनंती की, सदर तपासणी अद्याप चालू असल्याचे समजण्यात यावे, जिवंत रोपांच्या रकान्यात ‘एक’ लिहावे आणि खालचा शेरा त्यानुसार खोडावा. पडताळणीसाठी आपण समक्ष यावे व वाहनातून खाली उतरावे. अर्जदाराचे वय एकोणऐंशी असल्याने प्रकरण प्राधान्याने निकाली काढावे, ही विनंती.